निकालाची प्रणाली बदलताना

2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. एकाच हंगामात 477 परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका नव्या पद्धतीत ढकलल्या गेल्या. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आले.

विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रणाली बदलतानाही घाई अशीच नडते. त्यामुळे सुरुवात एका विद्याशाखेपासून करावी. एक सत्र जुनी आणि नवी प्रणाली समांतर चालवून निकाल ताडून पाहावेत. एटीकेटी, ग्रेस गुण, महाविद्यालय बदल अशी किचकट प्रकरणे त्यात मुद्दाम घ्यावीत. सरळ उत्तीर्ण झालेल्यांच्या नोंदी सहसा बिनबोभाट बसतात.

मराठी नोंदींत आणखी एक मेख असते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली नावे संगणकाच्या लेखी बहुधा रोमन चिन्हेच असतात. ती तशीच हलवली, तर ‘क्षीरसागर’चा अगम्य चिन्हांचा गुंता होतो. म्हणून रूपांतरानंतर जोडाक्षरे माणसाच्या नजरेखालून जायलाच हवीत.

शेवटचे पथ्य म्हणजे परीक्षेच्या तोंडावर बदल करू नये. गडबड झालीच, तर जुन्या प्रणालीकडे परतण्याचा निर्णय कोण आणि कधी घेणार, हे आधीच लेखी ठरवावे.