मंदीची झळ कोणी सोसायची?

शेतीची कामं आटोपून, ड्युटी संपवून तुम्ही इतके जण आलात, बरं वाटलं. आजचा विषय तसा घराघरातल्या भांडणाचा आहे. मंदी आली की खाजगी नोकरीतला माणूस म्हणतो, "सरकारी लोकांचे पगार कापा, दर वेळी आम्हीच का मरायचं?" त्यावर सरकारी नोकर म्हणतो, "तेजीत तुम्हाला बोनस मिळत होता, तेव्हा आमची आठवण झाली होती का?" आज आपण या भांडणात कोण बरोबर हे ठरवायचं नाही. हे भांडण नेमकं कशावरून आहे, ते आधी बघायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी पेन्शनर आहे, तोही जुन्या योजनेतला. २०२० मध्ये देश बंद होता तेव्हाही माझ्या खात्यात पेन्शन येत होतं. तेव्हा माझं बोलणं जरा पारखूनच घ्या.

तर, एक घर डोळ्यांपुढे आणा. थोरला भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. धाकटा धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला आहे. मार्च २०२० उजाडला. राज्य सरकारने ठरवलं, की लोकप्रतिनिधींना मार्चचं ४० टक्केच वेतन आत्ता द्यायचं, अ आणि ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के, आणि ड वर्गाला पूर्ण. आधी लोकांना वाटलं पगार कापला. मग खुलासा झाला, की उरलेलं नंतर मिळेल. म्हणजे थोरल्याचे पैसे बुडाले नाहीत, लांबले. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांची महागाई भत्त्याची वाढ जानेवारी २०२० पासून अठरा महिने गोठवली. ती वाढ पुढे सुरू झाली, पण मधली थकबाकी दिली नाही. हे मात्र खरंखुरं नुकसान होतं.

आता धाकटा. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला आदेश काढला, की टाळेबंदीतही मालकांनी पूर्ण पगार द्यावा. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा. आता मला सांगा, ठेकेदाराकडे कामाला असलेल्या पोराने कोणाशी बोलायचं? ठेकेदार म्हणणार, "काम आलं की फोन करतो." ही नोकरकपात कोणत्याच कागदावर येत नाही. फोन येत नाही, एवढंच.

इथे मुख्य मुद्दा येतो. पैसा कमी पडला की खाजगी क्षेत्र माणसं कमी करतं आणि सरकार तारखा पुढे ढकलतं. याला कारणं आहेत. सरकारी नोकराला काढायचं तर राज्यघटनेचं ३११ वं कलम आडवं येतं. चौकशी लागते, बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कारखान्यासाठीही कायदा होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. २०२० च्या संहितेने तो आकडा ३०० केला. पण ठेक्यावरचा माणूस कारखान्याच्या पटावर नसतोच. त्याच्यापुरती ही भिंत कधी उभीच राहिली नाही.

कोणी म्हणेल, सुरक्षितता हवी तर पगार कमी घ्या. वरच्या पदांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. सातव्या वेतन आयोगाने केंद्रात सर्वात कमी मूळ वेतन १८,००० आणि सर्वात जास्त अडीच लाख ठरवलं, म्हणजे साधारण चौदा पट. मोठ्या कंपनीचा प्रमुख आणि तिथला हेल्पर यांच्यातलं अंतर याहून कितीतरी मोठं असतं. पण खाली उलटं आहे. सरकारी शिपायाला पगारही जास्त आणि नोकरीही पक्की. ठेक्यावरच्याला पगार कमी आणि नोकरीही कच्ची. म्हणजे तळाशी 'सुरक्षितता की पैसा' अशी निवड नाहीच. एकाला दोन्ही, दुसऱ्याला काहीच नाही. चीड येते ती इथून.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण बघा. इथून एका स्टेशनावर नागोठणं. तिथला आयपीसीएलचा कारखाना सरकारी होता. २००२ मध्ये केंद्राने कंपनीतला २६ टक्के हिस्सा आणि व्यवस्थापन रिलायन्सला दिलं, २००७ मध्ये कंपनी विलीन झाली. यंत्रं तीच, माल तोच. बदललं ते हे, की वाईट दिवसांचा धोका शेवटी कोणाच्या अंगावर पडणार. सार्वजनिक आणि खाजगी यांतला खरा फरक तोच आहे.

मग मंदीत सरकारी पगार कापावेत का? एकदम कापले तर पेणच्या बाजारात काय होईल विचार करा. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं. कारखान्यातले पगार थांबलेले असताना शिक्षकाचा, पोलिसाचा, नर्सचा पगारच किराणा दुकान चालवतो. तोही थांबला तर मंदी आणखी खोल जाते. पण दुसरी बाजूही आहे. राज्याच्या महसुलातला निम्म्याच्या आसपास पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. महसूल आटला की कात्री कुठेतरी लागणारच.

ती कुठे लागली? ४ मे २०२० च्या निर्णयाने राज्याने आरोग्य खातं वगळता नवी भरती थांबवली. म्हणजे सरकारनेही नोकरकपात केलीच. फक्त आतल्या माणसाला काढण्याऐवजी बाहेरच्याला आत येऊ दिलं नाही. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीचं वय वाढत राहिलं. तिला कोणी काढलं नाही, एवढंच. पुढे २०२३ मध्ये एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय आला, तरुण चिडले, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. आणि पेण-हमरापूरचे मूर्तिकामगार आठवा. त्या वर्षी मूर्तींच्या उंचीवर मर्यादा आली, सार्वजनिक चार फूट, घरगुती दोन फूट. मोठ्या मूर्तींचं काम गेलं. त्यांना ना महागाई भत्ता, ना नोटीस. दोन भाऊ भांडतात, आणि तिसरा दाराबाहेरच उभा.

जॉन रॉल्स नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ होते. १९७१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक युक्ती सुचवली. नियम ठरवताना असं समजा, की तुमच्यापुढे पडदा आहे. पलीकडे तुम्ही कोण असणार, शिक्षक, ठेक्यावरचा कामगार, मूर्ती रंगवणारी बाई की माझ्यासारखा पेन्शनर, तुम्हाला ठाऊक नाही. मग कोणता नियम कराल? मला वाटतं, तीन गोष्टी मान्य कराल. कपात वरून सुरू व्हावी, खालच्याला शेवटी लागावी. मार्च २०२० च्या टप्प्यांत ही दृष्टी होती, पण ते फक्त लांबवणं होतं. दुसरं, आतल्यांना सांभाळण्यासाठी भरती सरसकट बंद करू नये. आणि तिसरं, काम गेलेल्याला काही काळ आधार हवा. त्याची सुरुवात आहे. २०२० मध्ये ईएसआयसीने नोकरी गेलेल्या विमाधारकाला नव्वद दिवसांपर्यंत निम्मं वेतन देण्याची सोय केली. पण त्यासाठी ईएसआयचं कार्ड हवं. मूर्तिकामगाराकडे ते कुठून येणार?

थोरल्याचं ताट ओढून धाकट्याचं पोट भरत नाही. पण थोरल्यानेही 'माझं ताट माझ्या पुण्याईचं' असं म्हणू नये. हे मी मलाही सांगतोय. माझं पेन्शन माझ्या कष्टांचं आहेच, पण माझा जन्म योग्य वेळी झाला याचंही आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना नोकरीला लागताना तेवढी खात्री मिळाली नाही. म्हणून पुढची मंदी येईल तेव्हा पहिला प्रश्न मला विचारा: तुम्ही किती सोडणार? उत्तर द्यायला मी बांधील आहे. आणि दुसरा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा: दाराबाहेर कोण उभं आहे?

आता तुम्ही बोला, मी ऐकतो.