एम.एस.चा आजार आणि रोजच्या कामाचा व्यायाम

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच थोडक्यात ‘एम.एस.’, या आजाराविषयी आपल्या समाजात फारच थोडी माहिती आहे. ऐन तारुण्यात, बहुधा वीस ते चाळीस या वयात, हा आजार सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळतो. कधी एका डोळ्याला अंधुक दिसते, कधी पाय बधिर होतात, तोल जातो, न पेलणारा थकवा येतो. वरून माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे घरचे ‘आळशी’ म्हणतात, शेजारी ‘बाहेरचे काही असेल’ म्हणून भगताकडे पाठवतात. त्यात मोलाचा काळ वाया जातो. म्हणून हा लेखप्रपंच.

विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे आवरण असते, तसे मेंदू व मज्जारज्जूतील नसांवर ‘मायलिन’ नावाचे आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून त्याच आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा पोहोचतो किंवा वाटेतच अडतो. फ्रान्समधील डॉ. शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचे स्पष्ट वर्णन केले. आजही तो समूळ बरा करणारे औषध नाही. मात्र त्याचे झटके कमी करणारी औषधे आहेत. निदान एम.आर.आय. तपासणीने व मेंदूविकारतज्ज्ञांकडूनच व्हावे लागते.

पूर्वी अशा रुग्णांना ‘विश्रांती घ्या, श्रम टाळा’ असाच सल्ला मिळे. 1996 मध्ये अमेरिकेतील युटा येथील संशोधकांनी 54 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका गटाने पंधरा आठवडे नियमित व्यायाम केला. त्यांचा दम व ताकद वाढली आणि आजार बळावला नाही. तेव्हापासून विचार पालटला. व्यायामाने आजार जात नाही, हे खरे. पण अंथरुणाला खिळल्यामुळे गेलेली ताकद ही आजाराने नेलेली नसते, ती न वापरल्याने गेलेली असते. ती बऱ्याच अंशी परत मिळवता येते.

यातील एक पद्धत म्हणजे रोजच्या कामाचा व्यायाम. शरीर ज्याचा सराव करते, त्यातच ते तरबेज होते, हे तिचे तत्त्व होय. ज्याला एस.टी.ची पायरी चढायची आहे, त्याने पायरी चढण्याचाच सराव करावा. यासाठी यंत्रे लागत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठावे-बसावे व विसावा घ्यावा. ओट्याच्या पायरीवर आधार धरून एकेक पाय चढवावा-उतरवावा. खिडकीचा गज धरून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावा. पुढे जमू लागल्यावर अर्धी कळशी घेऊन अंगणात चार पावले चालावे. आपल्याकडे जेवण, निवडणे-टिपणे जमिनीवर बसूनच होते. म्हणून जमिनीवरून खुर्चीच्या आधाराने उठणे हाही मोठाच व्यायाम आहे.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, थोडे थोडे करून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही, तर प्रमाण कमी करावे. नवा झटका आला असता व्यायाम थांबवून डॉक्टरांना विचारावे. सुरुवातीला जवळ कोणीतरी उभे असावे. ओल्या मोरीत किंवा शेवाळलेल्या अंगणात व्यायाम करू नये. कोणता व्यायाम, किती वेळा, हे फिजिओथेरपिस्टने तपासून ठरवणे उत्तम.

आपल्या अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अंग तापले की झिजलेल्या नसेतून निरोप आणखी मंद होतो व लक्षणे वाढल्यासारखी वाटतात. जर्मन डॉक्टर उथॉफ यांनी हे 1890 मध्येच नोंदवले होते. अंग थंड झाले की हा त्रास ओसरतो, म्हणून घाबरून व्यायाम सोडू नये. आमच्याकडील दमट उकाड्यात भल्या सकाळी, पंख्याखाली, मानेवर ओला पंचा ठेवून व्यायाम करावा आणि मध्ये मध्ये थंड पाणी प्यावे.

मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही 1985 मध्ये मुंबईतच सुरू झाली. परंतु श्रीवर्धनच्या माणसाला मुंबई वारंवार परवडत नाही. म्हणून एकदा नीट शिकून घेऊन घरी करता येणारा व्यायामच त्याच्या खऱ्या उपयोगाचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये एम.एस.चा समावेश आहे. शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही, असे त्यातील कलम 20 सांगते. आम्ही नोकरदार माणसे. राजीनाम्याच्या कागदावर घाईने केलेल्या सहीची किंमत आम्ही जाणतो. म्हणून आजार कळताच राजीनामा न देता प्रथम दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी असे अर्ज भरून देण्यास हातभार लावावा, तसेच फिजिओथेरपीच्या शिक्षणाचाही विचार करावा. आपल्या वस्तीत अशी एखादी सून किंवा मुलगा असेल, तर त्याला बोल न लावता सकाळी अर्धा तास त्याच्या शेजारी उभे राहावे, एवढीच आमची सभासदांना नम्र विनंती आहे.