रेवदंड्याचा तट आणि कोर्लईची बोली

अलिबागेहून चौलमार्गे दक्षिणेस जाणारा रस्ता पोर्तुगीजांनी बांधलेला तट भेदूनच रेवदंड्यात शिरतो. आजचे गाव या तटाच्या आतच वसलेले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून डोकावणाऱ्या चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती, गावकरी ज्याला ‘सातखणी’ म्हणतात तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा, आणि तटापलीकडे कुंडलिकेच्या मुखाशी नांगरलेली कोळ्यांची गलबते, असे हे स्थळ आहे. इतिहासाचा विद्यार्थी येथे येतो तो दगड पाहण्यासाठी. भाषेच्या अभ्यासकाला मात्र येथील दगड फारसे काही सांगत नाहीत. त्याला हवे असलेले साहित्य खाडीच्या दुसऱ्या तीरावर आहे, आणि ते तेथे का आहे, हा या स्थळाने उपस्थित केलेला खरा प्रश्न होय.

प्रथम नावांविषयी थोडे. कान्हेरीच्या शिलालेखांतील ‘चेमुल’ आणि आजचे ‘चौल’ यांतील दुवा ‘चेऊल’ या जुन्या मराठी रूपाने सांधला जातो. दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे व पुढे तोही लोप पावणे हा मराठीचा सामान्य नियम आहे (ग्राम – गाव, नाम – नाव, भूमि – भुई). ‘रेवदंडा’ हे नाव पुराणकथेतील रेवतीशी जोडण्याचा प्रघात आहे. तथापि दांडा-राजपुरी, खार-दांडा अशी समुद्रकाठची नावे पाहता त्याच्या उत्तरपदाचा विचार देवतेपेक्षा किनाऱ्याकडे पाहून करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगीजांना येथे ठाणे घालण्याची परवानगी १५२१ साली मिळाली. १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने घातलेला वेढा पोर्तुगीजांनी निभावून नेला. खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगरी किल्ला १५९४ साली त्यांच्या हाती आला. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहान्वये ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. म्हणजे या तटाच्या आत पोर्तुगीज भाषेचा अंमल दोन शतकांहून अधिक काळ होता. त्याचे अवशेष आज तटाच्या आत शोधू गेल्यास हाती काय लागते? बंदरावर मासळीचा ‘लिलाव’ होतो, कोळंबी ‘घमेल्या’त भरली जाते, पाणी ‘पिंपा’त साठवले जाते, दाराला ‘बिजागरी’ असते आणि गवंड्यांवर ‘मेस्त्री’. हे सर्व शब्द पोर्तुगीज आहेत. पण ते रेवदंड्याचे नव्हेत, साऱ्या मराठीचे आहेत. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा शब्दांचा मागोवा आहे. मराठीने वस्तूंबरोबर वस्तूंची नावे घेतली. आपल्या व्याकरणाला तिने धक्का लागू दिला नाही.

कोर्लईत याच्या नेमके उलट घडले. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ख्रिस्ती वस्तीत जी बोली बोलली जाते तिला बोलणारे ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. शब्दसंग्रह प्रामुख्याने पोर्तुगीज, परंतु वाक्याची ठेवण मराठी. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते; येथे मराठीप्रमाणे ते वाक्याच्या शेवटी जाते. ‘त्याचे’ या अर्थाच्या पोर्तुगीज सर्वनामापासून आलेला ‘सु’ हा शब्द आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करतो आणि मालकाचे नाव वस्तूच्या आधी येते. ‘साठी’ या अर्थाच्या ‘पारा’ या शब्दयोगी अव्ययाची झिजून उरलेली खूण मराठीतील ‘ला’प्रमाणे सजीव कर्माला लागते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बोलीची घडण सविस्तर मांडली आहे.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते क्रियापदांकडे. पोर्तुगीजच्या तीन गणांचे वारस येथे तीन आहेत: ‘काता’ (गाणे), ‘बेबे’ (पिणे), ‘इर्गी’ (उठणे). त्यांच्या जोडीला एक चौथा, उकारान्त गण आहे आणि तो सर्वस्वी मराठीतून आलेल्या धातूंसाठी राखलेला आहे. ‘लोटणे’ यापासून ‘लोटू’. चालू क्रियेचा ‘न’ हा प्रत्यय चारही गणांना सारखाच लागतो: कातान, बेबेन, इर्गीन, लोटून. (हे ‘लोटून’ म्हणजे मराठीतील पूर्वकालवाचक ‘लोटून’ नव्हे. नवख्या श्रोत्याची येथे हमखास फसगत होते.) मराठी धातूला प्रवेश मिळाला, पण वेगळ्या दाराने, आणि आत आल्यावर त्याला पोर्तुगीज प्रत्यय पत्करावे लागले.

तटाच्या आतून लुप्त झालेली भाषा तटाबाहेरच्या खेड्यात टिकली कशी? ख्रिस्ती धर्मामुळे हा समाज भोवतालच्या हिंदू समाजापासून वेगळा राहिला, हे सर्वसाधारण उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. याच परिसरातील बेने इस्राएल समाज धर्माने तितकाच वेगळा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने तो ओळखला गेला. तरी त्याची घरची भाषा मराठीच. फरक वस्तीचा दिसतो. बेने इस्राएलांची घरे कोकणातील गावोगाव विखुरलेली होती, याची साक्ष त्यांची ‘कर’-प्रत्ययान्त आडनावे देतात. कोर्लईचे ख्रिस्ती मात्र एकाच गावी एकवटून राहिले. धर्म आणि जाती या दोन्ही कारणांनी शेजाऱ्यांशी सोयरीक नाही, इतर ख्रिस्ती वस्त्या दूर, आणि मध्ये खाडी. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्याबरोबर जाण्याचा मार्ग या गरीब लोकांना नव्हता. सत्ताधाऱ्यांची भाषा त्यांच्या मुखी उरली ती निष्ठेपोटी नव्हे. दुसरी मातृभाषाच त्यांना नव्हती.

हे ध्यानी घेतले म्हणजे आजच्या स्थितीचा अर्थ लागतो. १९८० च्या दशकात रेवदंडा व साळाव यांच्या दरम्यान पूल झाला आणि खाडी अडथळा राहिली नाही. मुलांचे शिक्षण मराठीतून, नोकऱ्या बाहेर, विवाहसंबंधही बाहेर जुळू लागलेले. ज्या अवस्थेने बोली राखली ती दारिद्र्याची व दुराव्याची होती, आणि ती कायम राहावी अशी इच्छा कोणाही अभ्यासकाला करता येणार नाही. हातात राहते ते नोंदीचे काम, आणि तेही आजी, आई व मूल अशा तीन पिढ्यांचे बोलणे एकाच घरात बसून टिपण्याचे. चौथ्या गणात प्रत्येक पिढीला किती नवे धातू येतात आणि पहिल्या तीन गणांतले किती गळतात, एवढी एक मोजणी जरी कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने चिकाटीने केली, तरी तिची किंमत तटाच्या आणखी एका मोजमापापेक्षा जास्त असेल.