श्वसनसंस्थेचे कार्य आणि शेणखड्ड्यातील घातक वायू

अहिल्यानगर (त्या वेळचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी या गावी ९ एप्रिल २०२४ रोजी एक शोचनीय दुर्घटना घडली. शेणकाला साठविलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्यास काढण्यासाठी एक जण उतरला. तो वर येईना, म्हणून त्याच्या मागोमाग इतर उतरले. अशा सहा जणांपैकी पाच जण दगावले. कमरेस दोर बांधून उतरलेला एक तेवढा वाचला. धडधाकट माणसे इतक्या अल्प काळात कशी कोसळतात, हे कळण्यासाठी श्वसनसंस्थेची रचना व कार्य जाणून घेणे अगत्याचे आहे.

श्वासाचा मार्ग

हवा प्रथम नाकात शिरते. तेथील केस व चिकट स्राव धूळ अडवितात आणि हवा उबदार व ओलसर होते. पुढे घसा, स्वरयंत्र व श्वासनलिका लागते. श्वासनलिकेस कूर्चेची कडी असल्यामुळे ती मिटत नाही. छातीत तिच्या दोन शाखा होऊन त्या दोन फुप्फुसांत जातात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन.

मुळा कालव्याचे पाणी जसे वितरिका, चारी, पोटचारी असे विभागत अखेर सरीत पोहोचते, तशीच हवा बारीक होत जाणाऱ्या नळ्यांतून वायुकोशांत पोहोचते. हे वायुकोश सुमारे ३० ते ५० कोटी असतात. ते सारे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या आसपास जागा व्यापतील.

श्वासाचे कार्य

छातीखालील श्वासपटल खाली सरकले व बरगड्या वर उचलल्या गेल्या की छाती फुगते आणि हवा आत येते. विश्रांत अवस्थेत प्रौढ मनुष्य मिनिटास १२ ते २० वेळा श्वास घेतो. दर श्वासास सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. या हवेत शेकडा २१ भाग प्राणवायू असतो. वायुकोशाच्या पातळ भिंतीतून तो रक्तातील तांबड्या पेशींत जातो व कार्बन डायॉक्साइड बाहेर येतो. उच्छ्वासात प्राणवायू शेकडा १६ च्या सुमारास उरतो.

पाणी चढाकडून उताराकडे वाहते, तसा वायूही जेथे अधिक तेथून जेथे कमी तिकडे जातो. म्हणून प्राणवायू जवळजवळ नसलेल्या हवेत घेतलेला श्वास रक्तातील प्राणवायू उलट बाहेर ओढतो. अशा दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. शिवाय शरीरास गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः कार्बन डायॉक्साइड वाढल्यामुळे. केवळ प्राणवायू घटल्याची सूचना वेळेवर मिळेलच असे नाही.

खड्ड्यातील वायू

शेण कुजताना मिथेन, कार्बन डायॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. शेवटचे दोन हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. शेणकाला ढवळला की कोंडलेला वायू एकदम सुटतो. हायड्रोजन सल्फाइडला नासलेल्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढताच वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

घ्यावयाची काळजी

१. अशा विहिरीत किंवा खड्ड्यात कोणीही उतरू नये. तोंडास ओला रुमाल बांधल्याने धूळ अडते. प्राणवायू मिळत नाही.

२. कंदील सोडून हवा पारखण्याची जुनी रीत येथे वापरू नये. मिथेन पेट घेतो, आणि दिवा तेवत राहिला तरी विषारी वायू नाही असे ठरत नाही.

३. कोणी आत पडल्यास मागोमाग उतरू नये. वरूनच दोर सोडावा; ११२ किंवा १०१ क्रमांकावर कळवून श्वसनयंत्र असलेल्या पथकास बोलवावे.

४. बाहेर काढलेल्या मनुष्यास मोकळ्या हवेत उताणे निजवावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा.

५. वापरात नसलेल्या विहिरी शेणकाल्यासाठी उघड्या ठेवू नयेत. त्यांवर मजबूत झाकण व भोवती कुंपण असावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा विहिरी व खड्ड्यांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. बुडणाऱ्यास हात देणे हा गावाचा धर्म खरा; परंतु येथे तो हात काठावरूनच दिला पाहिजे, ही गोष्ट घरोघरी पोहोचविणे जरूर आहे.