मिसर देशी जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पूर्वी आमच्या गोंदियाकडील गृहस्थास दूरचा प्रवास म्हणजे काशी, प्रयाग, फार झाले तर रामेश्वर. समुद्र ओलांडावा की नाही यावर महाराष्ट्रात एके काळी मोठे वाद झाले, प्रायश्चित्ते झाली. आज तो वाद कोणाच्या स्मरणातही उरलेला नाही. मुले परदेशी नोकरीस लागल्यामुळे घरातील वडील मंडळीही निःशंकपणे विमानात बसू लागली आहेत, आणि सिंगापूर-युरोपच्या जोडीला आता मिसर देशाचे, म्हणजे ईजिप्तचे, नाव घरोघरी निघू लागले आहे. आयुष्यभराच्या शिलकेतून मोठी रक्कम काढून आठ दिवसांची सहल करावी, आणि परत आल्यावर पिरॅमिडपुढे काढलेल्या छायाचित्राखेरीज सांगण्यासारखे जवळ काही नसावे, हे आम्हांस शोचनीय वाटते. मिसर आपण समजतो तितका परका देश नाही. परंतु तयारीवाचून जाणाऱ्यास तो परकाच राहतो.

प्रथम त्या देशाची नदी समजून घ्यावी. मिसरचे क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडे अधिक; पण दहा कोटींवर असलेली तेथील बहुतेक सारी प्रजा त्यातील शेकडा पाच भागावर, नील नदीच्या दोन काठांवर आणि तिच्या मुखाजवळील त्रिकोणी प्रदेशात राहते. बाकी सर्व वाळवंट. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो अडविण्यासाठी आमच्या पूर्वजांनी नवेगावबांधापासून गावोगावच्या मालगुजारी तलावांपर्यंत पाण्याचे जाळे विणून ठेवले. कैरोस वर्षभरात जेमतेम इंचभर पाऊस. अस्वानकडे तर कित्येक वर्षे थेंबही पडत नाही. तेथे जे काही हिरवे दिसेल ते नीलेचे देणे. नीलेच्या मुखाजवळ धानही पिकते, परंतु पाणी फार लागते म्हणून किती जमिनीवर धान लावावे यावर सरकारचे बंधन असते. धानाच्या मुलखातून जाणाऱ्याने आगगाडीच्या खिडकीतून ती शेते अवश्य पाहावीत.

नील दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्यामुळे ‘वरचा मिसर’ नकाशात खाली, दक्षिणेस असतो आणि ‘खालचा मिसर’ उत्तरेस. हे ध्यानात नसल्यास वाटाड्याचे अर्धे बोलणे उलटे वाटते. वारा मात्र बहुधा उत्तरेकडून येतो. म्हणून होड्या प्रवाहाविरुद्ध जाताना शीड उभारीत आणि उतरताना ते गुंडाळून प्रवाहाच्या हवाली होत. प्राचीन चित्रलिपीत दक्षिणेस जाण्याचे चिन्ह शीड उभारलेली होडी व उत्तरेस जाण्याचे शीड उतरविलेली होडी असे आहे. आपण यमाची दिशा दक्षिण मानतो. त्या लोकांनी मृतांची दिशा पश्चिम मानली, कारण सूर्य तिकडे मावळतो. लक्सर येथे पूर्व तीरावर कर्णकचे प्रचंड देवालय आहे आणि पश्चिम तीरावर राजांच्या समाध्यांचे खोरे. एवढे ठाऊक असले म्हणजे दोन्ही तीर का पाहावयाचे ते कोणी सांगावे लागत नाही.

१९७० साली अस्वानचा उंच बांध पुरा झाला व नीलेचा वार्षिक पूर थांबला. मागे साठलेल्या जलाशयाखाली नूबी लोकांची गावेच्या गावे गेली. अबू सिंबेलचे देवालय मात्र १९६४ ते १९६८ या काळात तुकडे कापून वरच्या जागी पुन्हा उभारण्यात आले. प्रवासी देवालय पाहून थक्क होतात. नूबींविषयी फारसे कोणी विचारीत नाही. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेली गावे ज्यांच्या ओळखीची आहेत, त्यांनी तरी विचारावे.

पिरॅमिडांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची माहिती सर्वत्र मिळते. खूफूचा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा; मूळची उंची १४६ मीटर, आता सुमारे १३८. आत जाण्याचा मार्ग अरुंद, चढा व इतका ठेंगणा आहे की बराच वेळ कंबरेत वाकून चालावे लागते. गुडघ्यांची किंवा हृदयाची व्याधी असलेल्यांनी तो मोह सोडावा. आत शिल्प नाही, चित्र नाही, एक रिकामी दगडी पेटी आहे. त्याऐवजी जवळच नव्याने झालेल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये समारंभपूर्वक उघडलेल्या मोठ्या संग्रहालयास पुरता दिवस द्यावा. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या समाधीतील वस्तू आता तेथे आहेत. ज्यांस जाणे शक्यच नाही त्यांनी वडोदऱ्याच्या संग्रहालयातील, सयाजीराव महाराजांच्या वेळी आलेली ममी तरी पाहून यावी.

आता संस्कृताच्या अभिमान्यांस एक विनंती. ‘रामसेस’ म्हणजे आपला राम, असे सांगणारे महाभाग प्रत्येक सहलीत एक तरी भेटतात. त्या नावाचा अर्थ ‘रा’ने, म्हणजे सूर्याने, जन्म दिलेला असा आहे, रामाशी त्याचा संबंध नाही. खोट्या नात्यांची आपल्याला गरजही नाही, कारण खरी नाती पुष्कळ आहेत. १८८७ साली अमार्ना येथे मातीच्या विटांवर लिहिलेली राजपत्रे सापडली. त्यांत मितन्नी देशाच्या तुश्रत्त राजाने मिसरच्या तिसऱ्या आमेनहोतेप राजास लिहिलेली पत्रे आहेत. मितन्नी राजांची नावे विद्वान वैदिक भाषेच्या जवळची मानतात. ‘तुश्रत्त’ हे ‘त्वेषरथ’ असावे असे त्यांचे मत आहे. तुश्रत्ताने आपली कन्या या मिसरी राजास दिली. त्याच राजाचे दोन भव्य बैठे पुतळे लक्सरच्या पश्चिम तीरावर रस्त्यालगत आहेत. मोटारी तेथे दहा मिनिटे थांबतात, तेव्हा हे आठवावे.

याहून जवळचे नाते व्यापाराचे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मिसरमधील एका ग्रीक नावाड्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात पैठण, तेर व कल्याण ही आपली गावे येतात. पैठणहून अकीक व तेरहून तलम कापड भडोचच्या बंदरी जाई व तेथून तांबड्या समुद्राने मिसरला. त्या समुद्रावरील बेरेनिके या ओसाड बंदराच्या उत्खननात भारतातील मिरे निघाले, बुद्धाची मूर्ती निघाली, तिसऱ्या शतकातील एक संस्कृत लेख निघाला आणि सातवाहनांची नाणीही निघाली. पैठणच्या राजांचे नाणे नीलेच्या देशात! शाळेतून इतिहास शिकविताना आम्ही सातवाहनांस दोन पानांत गुंडाळीत असू. ती पाने आता अपुरी वाटतात. अलीकडचे नाते दुःखाचे आहे. पहिल्या महायुद्धात तेथे पडलेल्या सुमारे चार हजार हिंदी सैनिकांचे स्मारक सुवेझजवळ होते. पुढच्या युद्धांत ते उद्ध्वस्त झाले व १९८० साली ती नावे कैरोच्या हेलिओपोलिस दफनभूमीत पुन्हा लावण्यात आली. सहलीच्या कार्यक्रमात हे स्थळ सहसा नसते, मागून घ्यावे.

घरातील स्त्रियांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो, आणि तो रास्त आहे. शाकाहाऱ्याची तेथे उपासमार होत नाही. भात, मसूर, मॅकरोनी व हरभरे एकत्र करून वर टोमॅटोचे आंबट कालवण व तळलेला कांदा घातलेले ‘कोशरी’ हे तेथील सामान्य माणसाचे अन्न आहे. बाकल्याच्या दाण्यांची उसळ, ‘फूल’, सकाळी सर्वत्र मिळते. त्याच दाण्यांचे वडे ‘तामिया’ नावाने विकतात. कांदा-लसूण टाळता येत नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांनी कार्तिकी एकादशीनंतरच निघावे. ‘शाकाहार’ हा शब्द तेथे अनेकांस कळत नाही व भाजीत कोंबडीचा रस्सा सर्रास घालतात. अशा वेळी ‘सियामी’ म्हणावे. तेथील किबती ख्रिस्ती लोक वर्षातील दोनशेहून अधिक दिवस उपवास पाळतात, त्या अन्नाचे हे नाव. त्यात मांस, अंडी, दूध काही नसते. काही उपवासांत मासा मात्र चालतो, म्हणून मासा नको हे निराळे सांगावे. रोटीस तेथे ‘ऐश’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ जीवन. अन्नास पूर्णब्रह्म मानणाऱ्यास तो शब्द शिकवावा लागणार नाही.

भाषा अरबी, पण मराठी माणसास तेथे जुने स्नेही भेटतात. दुकानास ‘दुक्कान’, साबणास ‘साबून’, खुर्चीस ‘कुर्सी’, आणि जेवणाचे बिल मागावयाचे तर ‘हिसाब’. ‘बक्षीस’ हा शब्द तर पावलोपावली ऐकू येतो. त्याचा राग धरू नये. लहान नोटा खिशात वेगळ्या ठेवाव्यात. न मागता उंटावर बसविणारा मात्र उतरविण्याचे पैसे मागतो, तेव्हा भाव आधी ठरवावा. त्याहून महत्त्वाचे आकडे. अरब लोक त्यांस ‘हिंदी आकडे’ म्हणतात, पण आपल्याच लेकरांनी वेश बदलून आपणांस फसवावे तसे ते फसवितात. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा वाटोळा, आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. वर्तुळापुढे टिंब दिसले तर ते पन्नास समजावे. सहा इंग्रजी साताप्रमाणे, सात रोमन पाचाप्रमाणे, आणि आठ म्हणजे तो सात उलटा. अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहितात, संख्या मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडून वाचावयाच्या. नातवंडांकडून हे दहा आकडे घरीच घोटवून घ्यावेत. गाडीचा डबा, नोटेची किंमत, बाजारातील भाव सर्व त्यांवर अवलंबून असते.

जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवसा ऊन कोवळे, पहाटे थंडी चांगलीच, तेव्हा शाल हवी. त्यांच्या चांद्र वर्षात अधिक मास नसल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरतो व पुढील काही वर्षे तो ऐन हिवाळ्यात येणार आहे. त्या महिन्यात दिवसा खानावळी बंद असतात, संध्याकाळी मात्र शहर उजळून निघते. सुटी शुक्रवार-शनिवारी. मशिदीत जाताना स्त्रियांनी डोक्यावरून पदर घ्यावा. नळाचे पाणी पिऊ नये. आमच्याकडून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठावी व तेथून थेट कैरोचे विमान घ्यावे. प्रवेशपत्राचे नियम वरचेवर बदलतात, ते मिसरच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडूनच विचारून घ्यावेत.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. आपल्याकडे वृद्धांस दुखण्यावर दिली जाणारी ट्रामाडॉल ही गोळी मिसरमध्ये कडक निर्बंधाखाली आहे. २०१७ साली त्या गोळ्या नेणाऱ्या एका ब्रिटिश बाईस कारावास झाला. वैद्याची चिठ्ठी इंग्रजीत घ्यावी, औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत, आणि ही गोळी घेत असल्यास वैद्यास विचारून दुसरी घ्यावी. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: तेथे खसखस निषिद्ध आहे. दिवाळीनंतर निघताना डब्यात अनारसे भरण्याची सवय असते. ते घरीच ठेवावेत, चकल्या न्याव्यात.

येताना अस्वानच्या बाजारातून ‘करकदे’ आणावे. तांबड्या वाळलेल्या बोंडांचे हे पेय तेथे पाहुण्यास थंड किंवा ऊन देतात. घरी उघडून पाहिल्यावर आजीबाई वासावरूनच ओळखतील. आमच्याकडे शेताच्या बांधावर वाढणारी तांबडी अंबाडी तीच, आणि तिच्या बोंडांचे सरबत आपण उन्हाळ्यात करतोच.