चहाचे रासायनिक संशोधन

चहाच्या (कॅमेलिया सायनेन्सिस, कुल–थीएसी) कोवळ्या पानांतील संयुगांचा आणि पानांवर प्रक्रिया करताना त्यांत होणाऱ्या बदलांचा अभ्यास. हिरवा व काळा चहा एकाच जातीच्या झाडापासून मिळतात; त्यांतील भेद मुख्यत्वे प्रक्रियेमुळे निर्माण होतो, ही या संशोधनाची महत्त्वाची निष्पत्ती होय.

चहातून १८२७ मध्ये अलग केलेल्या उत्तेजक अल्कलॉइडास ‘थेईन’ असे नाव देण्यात आले होते. ते कॉफीतील कॅफीनच असल्याचे १८३८ मध्ये सिद्ध झाले. वाळलेल्या पानांत त्याचे प्रमाण साधारणतः २ ते ४ टक्के असते. पॉलिफिनॉलांचे प्रमाण याहून पुष्कळ अधिक, कोवळ्या पानांच्या शुष्क वजनाच्या सु. २५ ते ३५ टक्के, असते. कॅटेचिने हा त्यांतील प्रमुख गट असून मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषींनी १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचीन वेगळे केले.

ताज्या पानात कॅटेचिने कोशिकांच्या रिक्तिकांत, तर त्यांचे ऑक्सिडीभवन घडविणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एंझाइम त्यांपासून अलग असते. पाने वळली वा चिरडली म्हणजे कोशिका फुटून दोन्ही एकत्र येतात आणि हवेतील ऑक्सिजनामुळे पाने तांबूस होतात. या क्रियेस व्यवहारात ‘किण्वन’ म्हणत असले, तरी ती सूक्ष्मजंतूंवर अवलंबून नसते. हिरव्या चहासाठी पाने प्रथमच वाफवून किंवा भाजून एंझाइम निष्क्रिय करतात. या एंझाइमाचा चहाच्या प्रतीशी असलेला संबंध हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासला. पुढे ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. काळ्या चहास तजेला देणारी थिआफ्लाविने व गडद रंग देणारी थिआरुबिजिने यांचे विवेचन ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी १९५० नंतरच्या दशकात केले. भारतात या विषयाचे प्रमुख केंद्र जोरहाटजवळील टोकलाई (स्थापना १९११) येथे आहे.

थिअनीन हे ॲमिनो अम्ल मुख्यतः मुळांत तयार होऊन पानांत जाते. प्रकाशात त्याचे विघटन होऊन त्यापासून कॅटेचिनांच्या निर्मितीस साहाय्य होते. म्हणून सावलीत वाढविलेल्या पानांचा चहा कमी तुरट लागतो.

कॅटेचिनांचे प्रयोगशाळेत आढळलेले गुण चहाच्या पेल्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण आतड्यातून त्यांचे शोषण अल्प होते. उलट, पॉलिफिनॉले वनस्पतिज अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. त्यामुळे लोहन्यूनताजन्य पांडुरोग असणाऱ्यांनी जेवणाबरोबर चहा घेणे इष्ट नसते.