उसाची कांडी जिवंत आहे का?

चार-पाच वर्षांच्या मुलाला नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिवंत वाटतं, कारण ते धावतं. काठची बाभूळ मात्र नाही, कारण ती जागची हलत नाही. मुलं सूर्य, वारा, नदी यांना सजीव मानतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२६ च्या पुस्तकात मांडलं. ‘हालचाल करतो तो सजीव’ एवढंच पाठ करून घेतलं, तर हा गैरसमज पक्का होतो. मोटारसायकल पास, झाड नापास!

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात यावरचं साधन शेतातच आहे: बेणं, म्हणजे लावणीसाठीचा ऊस. एक डोळ्याची कांडी, लाकडाचा तुकडा आणि दगड शेजारी शेजारी मातीत पुरा. माती ओलसर ठेवा. साधारण आठ-दहा दिवसांत कांडीला कोंब दिसू लागतो. थंडीत जास्त वेळ लागतो. लाकूड आणि दगड तसेच राहतात. मग मूल विचारतंच, ‘लाकूड झाडाचंच ना?’ हा प्रश्न टाळू नये, सगळ्या धड्यात तोच मोलाचा. दगड कधीच जगला नव्हता, लाकूड एकेकाळी जगत होतं.

‘एकेकाळी जगत होतं’ म्हणजे काय, ते कळावं म्हणून पुढच्या आठवड्यात कच्चा आणि उकडलेला हरभरा ओल्या फडक्यात वेगवेगळा बांधून पाहा.